झोपेची गोळी सोडताना

झोप लागावी किंवा जिवाची घालमेल थांबावी म्हणून डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतल्या बहुतेक बेन्झोडायझेपीन नावाच्या एकाच कुळातल्या असतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही त्यांची औषधी नावे. केमिस्टकडे त्या कामपोज, अल्प्रॅक्स, अटिव्हॅन अशा नावांनी मागितल्या जातात. एटिझोलाम याच कुळाच्या जवळचे. झोल्पिडेमची रचना वेगळी, पण मेंदूत तेही याच ठिकाणी जाऊन काम करते, त्यामुळे ते सोडण्याचे नियमही जवळपास हेच. या गोळ्या चार-आठ दिवस घेतल्या तर थांबवताना सहसा काही करावे लागत नाही. महिनोन् महिने रोज घेतल्या की थांबवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. ते आखून केले तर पुष्कळांना जमते. एका रात्रीत केले तर कधी कधी जिवावर बेतते.

गंमत अशी की हे औषध बाजारात आले ते सुरक्षित म्हणूनच. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट वापरत. 1903 पासून विकल्या जाणाऱ्या या औषधांत झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत फार अंतर नव्हते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली येथे रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी नवे संयुग तयार केले आणि 1960 मध्ये ते लिब्रियम या नावाने विक्रीला आले. 1963 मध्ये व्हॅलियम आले, म्हणजेच डायझेपाम. नुसती हीच गोळी जास्त घेऊन सहसा कोणी मरत नसे, हा मोठाच दिलासा होता. (दारू किंवा अफूच्या जातीची वेदनाशामके सोबत असतील तर मात्र हिशेब पूर्ण बदलतो, श्वास मंदावून थांबू शकतो.) डॉक्टरांनी मोकळ्या हाताने गोळ्या लिहिल्या आणि 1970 च्या दशकात व्हॅलियम अमेरिकेतल्या सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या औषधांत जाऊन बसले.

धोक्याची सूचना मात्र 1961 मध्येच मिळाली होती. लिओ हॉलिस्टर या अमेरिकी डॉक्टरांनी 11 रुग्णांना लिब्रियमचा दिवसाला 300 ते 600 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी मोठा डोस काही महिने दिला आणि मग न सांगता त्या जागी औषध नसलेल्या गोळ्या सुरू केल्या. आजच्या नियमांत असा प्रयोग कोणी करू देणार नाही. 11 पैकी 10 जणांना नवा त्रास सुरू झाला आणि दोघांना आठवड्याभराने आकडी आली. वैद्यकाने यातून सोयीचा अर्थ काढला: डोस फार मोठा होता म्हणून असे झाले. नेहमीच्या, चिठ्ठीवरच्या डोसनेही शरीर गोळीवर अवलंबून राहू शकते हे लंडनच्या माल्कम लेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून देईपर्यंत 1980 चे दशक उजाडले. दरम्यान 1979 मध्ये बार्बरा गॉर्डन या अमेरिकी टीव्ही निर्मातीचे आत्मकथन आले. व्हॅलियम एकदम बंद केल्यावर त्यांना मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्ये या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असे सांगितले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अवलंबित्वाचा आणि अचानक बंद करण्याच्या धोक्याचा ठळक चौकटीतला इशारा या सगळ्या कुळावर छापायला लावला तो थेट 2020 मध्ये.

गोळी एकदम बंद केल्यावर असे का होते, याचे उत्तर गॅबा नावाच्या रसायनात आहे. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करतात आणि शांतही करतात. शांत करण्याचे मुख्य काम गॅबाचे. गॅबा पेशीवरच्या आपल्या ग्राहकाला चिकटला की क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी थंडावते. बेन्झोडायझेपीन स्वतः ही वाट उघडत नाही; गॅबाने ती अधिक वेळा उघडावी एवढी मदत करते. ही मदत रोज मिळू लागली की मेंदू जुळवून घेतो. ग्राहकांची संवेदनशीलता घटते, उत्तेजन देणारी यंत्रणा वर सरकते. दार बाहेरून कोणी सतत लोटत असेल तर आतला माणूस त्याला पाठ लावून उभा राहतो. बाहेरचा जोर अचानक गेला की आतला धडपडतो. गोळी एकदम बंद झाल्यावर मेंदूचे असेच होते. जुळवून घ्यायला त्याला काही आठवडे-महिने लागले असतील, तर मागे यायलाही तितका अवधी हवा. इच्छाशक्ती कितीही दांडगी असली तरी हा अवधी कमी होत नाही, आणि म्हणून ‘मन घट्ट करून सोडून दे’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला इथे कुचकामी आणि धोक्याचा आहे.

हे अवलंबित्व म्हणजे व्यसन नव्हे, हेही स्पष्ट असलेले बरे. मालेगाव भागात अल्प्राझोलाम ‘कुत्ता गोळी’ म्हणून नशेसाठी विकली गेल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. तो प्रश्न वेगळा. वर्षानुवर्षे रात्री अर्धी गोळी घेणाऱ्या, डोस कधीही न वाढवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा प्रश्न वेगळा. तिला गोळीची ओढ नसते. तिच्या मेंदूला गोळीची सवय झालेली असते. घरच्यांनी तिला गर्दुल्ल्यांच्या रांगेत बसवले की ती एक तर लपवून गोळी घेते किंवा इरेला पेटून एकदम बंद करते.

बंद केल्यावर होणारा त्रास बराचसा ठरावीक असतो. झोप आधीपेक्षाही वाईट होते, स्वप्ने भडक पडतात, छातीत धडधड, घाम, हाताला कंप, मुंग्या, पोटात गोळा. आवाज आणि उजेड सहन होत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो. काहींना आजूबाजूचे सगळे खोटे, काचेपलीकडचे वाटते. तीव्र प्रकारात भास, वात आणि आकडी. त्रास कधी सुरू होणार हे गोळी शरीरात किती वेळ टिकते यावर ठरते. अल्प्राझोलामचे रक्तातले प्रमाण साधारण 11 तासांत निम्मे होते, म्हणून एक-दोन दिवसांतच चाहूल लागते. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात बनणारी संयुगे कित्येक दिवस रेंगाळतात, त्यामुळे पहिला आठवडा बरा जातो आणि ‘सुटली एकदाची’ असे वाटत असतानाच त्रास सुरू होतो.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. गोळी बंद केली, तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, गोळी घेतली आणि लगेच झोप आली. यावरून रुग्ण आणि पुष्कळदा डॉक्टरही निष्कर्ष काढतात की मूळचा निद्रानाश अजून आहे आणि गोळी जन्मभर लागणार. प्रत्यक्षात त्या तीन रात्री गोळी अचानक काढल्याचा परिणाम असू शकतात. मूळ दुखणे परतते ते हळूहळू आणि आपल्या जुन्या चेहऱ्याने. गोळी सोडल्याचा त्रास झपाट्याने येतो, पूर्वी कधीच नसलेल्या मुंग्या, कंप, आवाजाचा त्रास अशा तक्रारी घेऊन येतो आणि काही आठवड्यांत ओसरतो.

सावकाश सोडण्याची आजची पद्धत ज्यांच्या अनुभवावर मुख्यतः उभी आहे, त्या हेदर अ‍ॅश्टन इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे औषधशास्त्र शिकवत. 1982 ते 1994 या काळात त्यांनी याच कामासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला आणि सुमारे 300 रुग्णांना गोळ्या सोडवल्या. तिथला अनुभव त्यांनी नंतर एका पुस्तिकेत मांडला. जगभरचे डॉक्टर आणि रुग्ण ती आजही वापरतात. त्यांचे सूत्र साधे होते. झटपट उतरणाऱ्या गोळीच्या जागी टप्प्याटप्प्याने डायझेपाम आणायचे, मग दर एक-दोन आठवड्यांनी चालू डोसचा साधारण दहावा भाग कमी करायचा आणि गती रुग्णाने ठरवायची. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी 2025 मध्ये एकत्र येऊन काढलेली मार्गदर्शक तत्त्वे याहून थोडी सबुरीची आहेत: दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के, आणि कोणत्याही दोन आठवड्यांत 25 टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

भारतात या कामाची सुरुवात गोळ्यांच्या मोजदादीपासून करावी लागते. आपण नेमके काय घेतो हे पुष्कळ रुग्णांना ठाऊक नसते. नैराश्यासाठी दिलेल्या गोळीत एस्सिटॅलोप्रामसोबत क्लोनाझेपाम असते, पोटाच्या मुरड्यासाठी दिलेल्या गोळीत क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजेच लिब्रियम. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. पोटाची म्हणून घेतलेली गोळी बंद केल्यावर छाती धडधडते, तेव्हा दोघांचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवायच्या आणि प्रत्येकीच्या मागच्या बाजूची बारीक छपाई वाचून घ्यायची. जोडगोळी असेल तर आधी ती दोन सुट्या गोळ्यांत फोडावी लागते. एरवी डोस कमी करताना नैराश्याचे औषधही नकळत कमी होते आणि बिघडले ते कशाने, हे कळत नाही.

चिठ्ठीचा प्रश्नही आहेच. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. ती विकताना केमिस्टने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवायची असते. जुन्या, घडी पडून फाटायला आलेल्या कागदावर ओळखीचा दुकानदार गोळ्या देत राहतो, हे तरीही सगळ्यांना माहीत आहे. अशा पुरवठ्याचा दोष असा की डॉक्टर मध्ये येतच नाहीत; आणि दुकानदाराने एके दिवशी नाही म्हटले की रुग्णाची गोळी, कोणतीही तयारी नसताना, त्याच रात्री बंद होते.

कोणी हे काम घरी करू नये, हे आधी ठरवावे लागते. पूर्वी आकडी आलेली असणे, रोजची दारू, फार मोठा डोस, आधीच्या प्रयत्नात झालेला वात किंवा भास, आत्महत्येचे विचार, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, यांपैकी काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि गरज पडल्यास रुग्णालयात राहून गोळी सोडावी. गर्भवतीने घाबरून परस्पर बंद करणे हेही तितकेच धोक्याचे. बाकीच्यांना फॅमिली डॉक्टर पुरतात, त्यांना वेळ आणि चिकाटी असेल तर. जवळपास कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. 2022 पासून तिथे मराठीतही बोलता येते.

प्रत्यक्ष उतरण कशी असते ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा कोणी काही वर्षे रोज रात्री अल्प्राझोलाम 0.5 मिलिग्रॅम घेत आहे. अ‍ॅश्टन यांच्या कोष्टकानुसार त्याची बरोबरी डायझेपाम 10 मिलिग्रॅमशी होते. दुसरी कोष्टके याहून कमी आकडा देतात, त्यामुळे डॉक्टर माणूस पाहून ठरवतात. पहिल्या आठवड्यात निम्मे अल्प्राझोलाम आणि 5 मिलिग्रॅम डायझेपाम, पुढच्या आठवड्यात नुसते डायझेपाम 10. मग दर दोन आठवड्यांनी एकेक मिलिग्रॅम कमी करत 5 पर्यंत यायचे, आणि तिथून खाली अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने. डायझेपाम 2 आणि 5 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मिळते. 9 म्हणजे एक 5 ची आणि दोन 2 च्या. 7 म्हणजे एक 5 ची आणि एक 2 ची. 3 म्हणजे 2 ची दीड. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे 2 च्या गोळीची चतकोर, आणि ती सुरीने कापताना चुरा होतो, म्हणून दुकानात मिळणारा गोळी कापायचा छोटा डबा घ्यावा. सावकाश विरघळणाऱ्या, नावापुढे एसआर असलेल्या गोळ्या मात्र कापायच्या नाहीत. हा सगळा हिशेब जवळपास सात महिन्यांचा होतो. ऐकून पुष्कळांचा धीर सुटतो, पण दहा वर्षे घेतलेल्या गोळीला सात महिने देणे महाग नाही.

शेवटचा उतार सर्वांत अवघड, याचे कारण साध्या अंकगणितात आहे. 10 वरून 9 म्हणजे दहावा भाग गेला. 1 वरून अर्ध्यावर म्हणजे निम्मा डोस गेला. औषधाचे प्रमाण कमी असते तेव्हा मिलिग्रॅममधला छोटा फरकही मेंदूला मोठा जाणवतो. ‘आता काय, उगाच चतकोर राहिली आहे’ म्हणून तीही टाकून देणारे इथेच अडखळतात. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच दोन-चार आठवडे थांबावे. मागे मोठ्या डोसवर जाऊ नये, आणि एक दिवस घ्यायची एक दिवस नाही असा खेळही करू नये. त्याने मेंदूला रोज नव्याने धक्का बसतो. घरात लग्न असेल, परीक्षा असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तो महिना जागेवर राहण्यात कमीपणा नाही.

डायझेपामवर येणे सगळ्यांना मानवत नाही. सत्तरीपुढच्या माणसात किंवा यकृत बिघडलेल्यात ते साठत जाते आणि दिवसभर झापड राहते. अशांना चालू गोळीच हळूहळू कमी करतात. वृद्धांच्या बाबतीत गोळी सोडण्याचा लाभही सर्वांत ठोस असतो. रात्री लघवीला उठताना, अंधारात आणि ओल्या मोरीत तोल जाऊन खुबा मोडण्याचा धोका या गोळ्यांनी वाढतो. विसरभोळेपणाचाही काही भाग वयाचा नसून गोळीचा असतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 65 ते 95 वयाच्या 303 लोकांवर केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधांच्या दुकानांमार्फत निम्म्यांना फक्त एक पुस्तिका दिली होती: गोळीचे तोटे काय आणि ती पायरी-पायरीने कशी सोडावी. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली होती, न मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांनी. म्हातारपणी काही बदलत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसऱ्या औषधांची ढवळाढवळ हा फारसा न बोलला जाणारा विषय. क्षयासाठी दिले जाणारे रिफॅम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम शरीरातून भराभर बाहेर पडतात. गोळी तीच, वेळ तीच, तरीही क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर झोप उडते आणि हातपाय थरथरतात. गजकर्णासाठी सर्रास लिहिले जाणारे इट्राकोनाझोल अल्प्राझोलामच्या बाबतीत नेमके उलट करते: गुंगी वाढवते, आणि त्याचा कोर्स संपला की अल्प्राझोलामची पातळी खाली येते. त्यामुळे कोणतेही नवे औषध सुरू होताना ही गोळी चालू आहे हे सांगायलाच हवे. गोळीच्या जागी रात्री एक पेग हा उपाय तर मुळीच नको; दारू गॅबाच्याच ग्राहकांवर काम करते आणि एकाची सवय दुसऱ्यावर चढते.

गोळी जाते तिथे झोपेचे काहीतरी यावे लागते. त्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावर तीच पहिली द्यावी असे म्हटले. तिचा गाभा अंथरुणातला वेळ कमी करणे हा आहे. नऊ तास पडून राहून साडेपाच तास झोपणाऱ्याने साडेबारा वाजता पडायचे आणि सहा वाजता उठायचे, रविवारीसुद्धा. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे. झोप भरीव झाली की वेळ पंधरा-वीस मिनिटांनी वाढवायची. पाच तासांच्या खाली जायचे नाही, आणि आकडीचा किंवा द्विध्रुवी मनोविकाराचा आजार असेल तर हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा गाडी चालवणे टाळावे. शार्ल मोरँ यांच्या गटाने 2004 मध्ये वृद्धांवर केलेल्या अभ्यासात नुसता डोस कमी करणाऱ्यांपैकी 48 टक्के गोळीमुक्त झाले, ही पद्धतही शिकलेल्यांपैकी 85 टक्के.

उतरणीच्या काळात आकडी, भास, काळवेळाचे भान जाणे, तापासह थरथर किंवा जीव द्यावासा वाटणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आणि कोणती गोळी, किती आणि केव्हा कमी केली हे तिथल्या डॉक्टरांना सांगायचे. शेवटचा चतकोर सुटल्यावर पुढचे एक-दोन महिने झोप वरखाली होते. थोड्या लोकांत कानातला आवाज, मुंग्या किंवा अस्वस्थता कित्येक महिने टिकते. अ‍ॅश्टन यांच्या अंदाजाने अशांचे प्रमाण 10 ते 15 टक्के. काही जण उतरता उतरता एका छोट्या डोसवर अडतात आणि तिथेच राहतात. तेही फुकट गेले असे नाही, कारण पडण्याचा आणि गुंगीचा धोका डोसबरोबर कमी होतो. पूर्ण सुटल्यावर उरलेल्या पट्ट्या घरात ठेवू नयेत. डोसाची सवय मोडलेल्या माणसाला जुना पुरा डोस एकदम घेतल्यास पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त गुंगी येते.